दुखत नाही, तर गोळी कशाला?

पर्वतीच्या १०३ पायऱ्या उतरलं की आमचा कट्टा पायथ्याच्या अमृततुल्यासमोर भरतो. खरं तर चढतो मी आणि सुन्याच. बाकीचे थेट चहालाच येतात. बापू त्यातलेच. वय ७४, गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला.

परवा विषय दिल्यानं काढला. त्याची आई न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, करायला लावली. टी-स्कोर आला उणे २.९, म्हणजे हाडं ठिसूळ. आठवड्याला एक गोळी सुरू झाली.

"तिचं काही म्हणता काही दुखत नाही," दिल्या म्हणाला. "मनगटही जुळलं. मग वर्षानुवर्षं गोळी कशाला? कंपन्यांची दुकानदारी, दुसरं काय!"

"आणि आमचं दुखतंय, तर आम्हाला म्हणतात पेनकिलर कमी करा," बापू म्हणाले. "सगळा उलटा कारभार."

नंदूनं ३० वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बसतो. नंदू म्हणाला, "बापू, तुमची गोळी गुडघ्यात काहीही दुरुस्त करत नाही. कूर्चा झिजलीय ती झिजलीच. दुखण्याची वर्दी देणारी रसायनं असतात, प्रोस्टाग्लँडिन्स, ती तयार होणं ही गोळी थांबवते. पण तीच रसायनं पोटाचं अस्तर सांभाळतात, किडनीचा रक्तपुरवठाही. म्हणून रोज नको म्हणतात. त्यापेक्षा मांडीचा व्यायाम करा, वजन उतरवा."

"गिधाडांचं काय झालं आठवतंय ना?" सुन्या मध्येच. "गुरांना डायक्लोफिनॅक टोचायचे, तीही पेनकिलरच. मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या जायच्या. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती."

"मी गिधाड नाही," बापू म्हणाले. विषय तिथेच राहिला. हाच नंदू वर्षानुवर्षं बापूंना चिठ्ठीशिवाय पेनकिलरच्या पट्ट्या द्यायचा, हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

दिल्या मात्र आपल्या मुद्द्याला चिकटून. "माझं उत्तर दे. दुखतच नाही त्याचं काय?"

"ठिसूळ हाड मोडेपर्यंत बोलत नाही रे," नंदू म्हणाला. "आपल्या पेठेतले वाडे बघ. एक टोळी पाडणारी, एक गवंड्यांची. हाडात दोन्ही रात्रंदिवस कामाला असतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये पाडणारी टोळी जोरात येते, गवंडी मागे पडतात. तुझ्या आईची अ‍ॅलेंड्रोनेट हाडात जाऊन बसते आणि पाडणाऱ्यांचे हात धरते. गवंड्यांना कामाला लावणारं औषधही आहे, टेरिपॅराटाइड. पण त्याचं इंजेक्शन रोज घ्यायचं, महागही पडतं."

"म्हणजे जन्मभर?"

"नाही. पाचेक वर्षांनी डॉक्टर परत बघतात. कित्येकांना सुट्टी देतात, कारण औषध हाडात मुरलेलं असतं. बरं, आई घेते कशी?"

"सकाळी उठल्या उठल्या. चहाबरोबर."

नंदूनं कपाळावर हात मारला. ही गोळी आधीच अंगी लागते नाममात्र, त्यात चहा-दूध पोटात गेलं की तेवढीही लागत नाही. रिकाम्या पोटी पेलाभर साधं पाणी, मग अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. कॅल्शियमची गोळी त्या वेळी अजिबात नाही. आणि नुसत्या कॅल्शियमवर हे भागतही नाही. कॅल्शियम म्हणजे विटा. पाडणारे तसेच राहिले तर विटा आणून काय होणार? दिल्या गप्प झाला. आई गोळी घेऊन परत आडवी होते, हे त्यानं हळूच सांगितलं.

सुन्याच्या घरचं प्रकरण वेगळंच. वहिनींचा संधिवात झिजेचा नाही, शरीराची स्वतःची फौजच सांध्यांवर उलटलेली. मेथोट्रेक्सेट चालू आहे. ते औषध मुळात कॅन्सरचं, म्हणून शेजारणीनं वहिनींना घाबरवून सोडलं होतं. इथे डोस कितीतरी कमी असतो, पण आठवड्यातून एकदाच घ्यायचा. चुकून रोज घेतला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून सुन्यानं कॅलेंडरवर रविवारी लाल गोल केलेत. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी आणि ठरल्याप्रमाणे रक्ताच्या, लिव्हरच्या तपासण्या.

"पहिले दोन महिने काही फरक नव्हता," सुन्या म्हणाला. "ती म्हणायची बंद करते. तोवर स्टिरॉइडवर काढले. स्टिरॉइडनं तिसऱ्या दिवशी मूठ वळली! तेच चालू ठेवा म्हणत होती."

"सगळेच म्हणतात," नंदू. "१९४८ मध्ये अमेरिकेत संधिवाताच्या बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोन, म्हणजे स्टिरॉइडच, दिलं, काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये त्यावर नोबेल. मग कळलं, तेच औषध फार दिवस घेतलं की हाडं पोखरतं. म्हणजे सांध्याचं दुखणं थांबलं आणि दिल्याच्या आईचं सुरू."

माझं मत नंदूच्या बाजूनं पडलं. जे औषध लगेच 'लागू पडतं' त्याच्यावर आपला जीव, आणि मुळावर काम करणाऱ्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही. बापूंना हे पटलं नाही. पण एवढं ऐकून त्यांना साताऱ्याची बहीण आठवली.

"तिला सहा महिन्यांनी हाडाचं इंजेक्शन असतं, पोटावर. डेनो... काहीतरी. दिवाळीत पाहुणे होते, राहून गेलं. बरी आहे पण. चालतं ना?"

नंदूचा कप हवेतच थांबला. "डेनोसुमॅब? बापू, परवा माघी गणेशजयंती झाली! हे हाडात मुरत नाही, गेटवर पहारा देतं. पहारा उठला की अडकून पडलेली सगळी टोळी एकदम आत. मणके मोडतात, एकापाठोपाठ. बंद करायचं तर दुसरं औषध लावूनच करतात. आत्ता फोन लावा."

बापूंनी खिशातून फोन काढला, चष्मा शोधला, नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजली.

"या वेळी ती देवळात असते," बापू म्हणाले आणि पुन्हा लावला.