परूशी, जकातदार आणि आमचा वकील

"देव नको असं मी म्हणतच नाही," वकील म्हणाला. "पण सगळा भार त्याच्यावर टाकून आपण हात जोडून बसायचं, ही कसली भक्ती? स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस त्याला जास्त आवडत असेल."

अप्पा दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे. ते थोडेच गप्प बसतात!

"लावदिकीया ऐकलंयस? आजच्या तुर्कस्तानातलं जुनं शहर. इ. स. ६० च्या भूकंपात शहर कोसळलं. रोमची मदत न घेता लोकांनी स्वतःच्या बळावर पुन्हा उभं केलं, रोमन इतिहासकार टॅसिटसने तशी नोंद केलीय. आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, त्याच शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला ख्रिस्त पत्रातून काय सुनावतो? 'मला काही उणे नाही' म्हणतोस, पण तू दरिद्री, आंधळा आणि उघडा आहेस. काळ्या लोकरीसाठी नावाजलेलं शहर, आणि त्यांना सांगतो, माझ्याकडून पांढरी वस्त्रं घे!"

(पत्रात भूकंपाचा उल्लेख नाही. धागा अभ्यासकांनी जोडलेला आहे, पण जुळतो झकास.)

"म्हणजे शहर बांधलं हे पाप?" बंड्याने तोंड घातलं.

"बांधण्याबद्दल चकार शब्द नाही. राग आहे तो 'उणे नाही' यावर. ख्रिस्ताचा प्रेषित पौल स्वतः तंबू करून पोट भरायचा. काम करायचं नसेल तर खाऊही नका, असं बजावणारा तोच."

"मग सोपं आहे. काम आपलं, श्रेय देवाचं. मिटलं."

मिटायला हरकत नव्हती, पण वकील तो वकीलच.

"श्रेय तर येशूच्या गोष्टीतला परूशीही देतो! परूशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी. लूकचं शुभवर्तमान, अध्याय १८. एक परूशी आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशाची सुरुवातच 'देवा, मी तुझे आभार मानतो' अशी. आठवड्यातून दोनदा उपास, कमाईचा दशमांश दान, सगळं चोख. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. का?"

अप्पा जरा थांबले. "त्याची प्रार्थना नीट वाच. आभार आहेत, हिशेब आहे, शेजारच्याशी तुलना आहे. मागणं कुठाय? जकातदार लांब उभा राहून ऊर बडवतोय, वर बघायची हिंमत नाही. त्याच्याकडे एकच वाक्य, 'मज पाप्यावर दया कर.' त्यातून देव काढला तर काही उरत नाही. परूशाच्या प्रार्थनेतून काढून बघ, सगळं शाबूत राहतं."

माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. जकातदार उगाच स्वतःला कमी लेखत नव्हता. त्याचा धंदाच लोकांना नाडण्याचा होता आणि तो ते कबूल करत होता.

"मग त्या जुन्या ख्रिस्ती धर्मशिक्षकाचं, पेलॅजियसचं, काय चुकलं?" वकील हटेना. "देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळणं माणसाला जमतं, एवढंच म्हणाला बिचारा. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण झिडकारली."

मलाही पेलॅजियसबद्दल सहानुभूती आहे. चांगलं वागायची इच्छासुद्धा देवाच्या कृपेनेच होते, हे त्याचा विरोधक ऑगस्टीन याचं म्हणणं खोल खरं, पण आळशाच्या हाती पडलं की आयती पळवाट. शिवाय 'नम्र व्हा' हा उपदेश वरच्या खुर्चीतून आला की मी आधी खुर्चीकडे बघतो. कृपेशिवाय आपण कोणीच नाही म्हणणाऱ्या पौलाने अंत्युखिया शहरात ज्येष्ठ प्रेषित पेत्राला तोंडावर सुनावलं होतं. देवापुढे वाकलेला माणूस इतरांचा मिंधा असेलच असं नाही.

"बरं, जकातदाराने दुसऱ्या दिवशी काय केलं?" वकिलाचा शेवटचा प्रश्न. "पुन्हा नाक्यावर वसुली?"

"ते गोष्टीत नाही. पण पुढच्याच अध्यायात जक्कय आहे, मुख्य जकातदार. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडलं त्याला चौपट परत. येशूने मागितलंही नव्हतं."

"कायद्याने किती बसत होतं?"

"मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, आपणहून कबुली दिली तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा."

"आणि हा चौपट देतो? खटला नाही, काही नाही?"

"तुझी फी बुडाली," बंड्या म्हणाला.