एक बेस, एक पलटण: असईच्या फौजेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

असईच्या लढाईचा (शिंदे-भोसले विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी) खेळ टेबलावर मांडण्यासाठी केलेल्या माझ्या १० मिलिमीटरच्या चिमुकल्या फिगरच्या (पुतळ्यांच्या) फौजेवर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. एका बेसवर, म्हणजे तळाच्या पट्टीवर, २४ शिपाई कायमचे चिकटवल्यामुळे पडलेला माणूस उचलता येत नाही. शिंद्यांच्या पलटणींना कंपनीच्या पलटणींसारखेच ६० बाय ३० मिलिमीटरचे बेस देऊन मी ‘मराठ्यांची फौज इंग्रजी करून टाकली’. आणि बेसवरचं गवत आपल्याकडचं वाटत नाही. मधल्यापासून सुरुवात करतो, कारण तो आक्षेप मला सगळ्यात जास्त लागला.

मराठा फौज म्हणजे मोकळी, विखुरलेली, तेव्हा बेसही वेडेवाकडे आणि चार-चार फिगरचे हवेत, असं तुम्ही म्हणता. पण २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या शिवारात जे पायदळ उभं होतं ते तसं नव्हतं हो! द बॉइन्य हा युरोपियन सेनानी १७८४ मध्ये महादजी शिंद्यांच्या नोकरीत आला, तेव्हापासून हे कवायती कंपू (पलटणींचे मोठे गट) घडत गेले. त्यांच्याकडे चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुका होत्या, संगिनी होत्या, स्वतःच्या तोफा होत्या. असईला त्यांची सूत्रं शिंद्यांच्याच नोकरीतल्या पोलमन या जर्मन अधिकाऱ्याकडे होती.

फौज केळणा नदीच्या उत्तर काठाला, दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. कंपनीच्या फौजेचा सेनापती वेलस्ली, त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. तिथे नदी पायी ओलांडण्याजोगा उतार असणारच असं ताडून त्याने नदी ओलांडली आणि तो मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. त्यावर पोलमनने काय केलं? शत्रू समोर येत असताना अख्खी ओळ काटकोनात फिरवली. उजवं टोक केळणेवर, डावं जुई नदीकाठच्या असई गावावर. हजारो माणसं आणि जड तोफा घेऊन असं वळणं जमावाला जमत नाही, त्यासाठी वर्षानुवर्षांची कवायत लागते.

आता हेच टेबलावर करून बघा. बेसची रुंदी सारखी असेल तर ओळ दारासारखी फिरते. एक बेस ४० चा, दुसरा ५५ चा, तिसरा गोल असला की वळताना फटी पडतात, आणि ज्या फौजेने ही हालचाल खरोखर करून दाखवली तिलाच आपण ती नाकारतो. लढाईआधी कंपूंमधले बरेच इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेले होते, ही उणीव मी हुकूम पाळला जातो की नाही हे ठरवणाऱ्या फाशांत दाखवली आहे. ती बेसमध्ये दाखवायची नाही, या मतावर मी ठाम आहे.

घोडदळाच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं सोळा आणे मान्य. शिंदे-भोसल्यांचे हजारो स्वार त्या दिवशी कवायतीने लढलेच नाहीत. त्यांचे बेस मी मोठे घेतलेत, ६० बाय ४० चे, आणि त्यावर पाचच घोडे, तोंडं वेगवेगळ्या दिशांना. पहिल्या फोटोत ते मागे राहिलेत म्हणून दिसले नसतील.

तोफांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण सगळ्यात जास्त विचार मी तिथे केला. कंपनीची ओळ तोफांवरून पुढे निघून गेली, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे काही गोलंदाज (तोफा डागणारे) उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून शत्रूच्या पाठीवर मारा केला. हे टेबलावर यायलाच हवं होतं. म्हणून तोफा पलटणींच्या बेसवर नाहीत, त्यांचे बेस वेगळे आहेत. गाडा चिकटवलेलाच नाही. त्याच्या खाली ३ मिलिमीटरचं गोल मॅग्नेट आहे आणि बेसमध्ये पत्र्याची चकती. बोटाने ढकललं की तोफ जागच्या जागी गर्रकन फिरते, गोलंदाज तिथेच राहतात.

आता माणसं उचलण्याबद्दल. पलटणीत ६०० शिपाई धरले आणि दोन रांगा, तर एका रांगेत ३००. माणशी साधारण ५५ सेंटिमीटर धरले तर पलटणीची रुंदी १६५ मीटर होते. माझ्या टेबलावर तेच ६० मिलिमीटर आहेत. म्हणजे एक फिगर २५ माणसांची. ती उचलली म्हणजे कोण मेलं? शिवाय बेसची ३० मिलिमीटर खोली या मापाने ८० मीटरच्या वर जाते, खरी ओळ तर जेमतेम दोन-तीन मीटर खोल. खोली खोटी असणारच, म्हणून रुंदी तरी खरी ठेवायची. त्यातून फिगर काढत बसलो तर तीही जाते. नुकसान मोजायला बेसच्या मागच्या कडेला ७ मिलिमीटरच्या फाशाची खाच ठेवली आहे.

तरीही तुमच्या म्हणण्यातली कळकळ मला कळते. वेलस्लीची ७४ वी पलटण चुकून असई गावाच्या तोफांसमोर गेली आणि तिची चारशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. नुसता फासा फिरवून ते पोचत नाही. तुमचं वाचल्यावर त्या एका पलटणीसाठी मी दुसरा बेस करायला घेतला आहे: ६० बाय ६०, मधे उरलेल्यांचा वेडावाकडा चौकोन, भोवती पडलेली माणसं आणि घोडे. फासा ठरावीक आकड्याला आला की ओळीचा बेस उचलायचा आणि हा ठेवायचा.

गवताची चूक पूर्णपणे माझी. विकतच्या फ्लॉकचा (बेसवर भुरभुरायच्या नकली गवताचा) हिरवा रंग विलायती कुरणाचा आहे, आपल्या काळ्या रानाचा नाही. असईहून आणलेली माती घरात होती, ती वापरायला हवी होती. आता ती तव्यावर कोरडी करून पिठाच्या चाळणीतून दोनदा चाळली आहे. पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर भुरभुरली की ती भिजल्यासारखी गडद दिसते, वाळल्यावर राखाडीकडे झुकते. वर वाळवलेला चहाचा चोथा, अगदी चिमूटभर. सहा बेस झालेत, बाकीचे दिवाळीपर्यंत होतील.

शेवटी तुम्ही विचारलंय की तुमच्या २८ मिलिमीटरच्या सुट्या फिगर माझ्या पद्धतीने पुन्हा बेस करायच्या का. अजिबात नको, सुरी लावूच नका. तीन मिलिमीटरच्या एमडीएफचे एकाच रुंदीचे ट्रे कापून घ्या, आत पत्रा, फिगरच्या तळाला मॅग्नेट शीटचे तुकडे. ओळ ओळीसारखी वळेल आणि तुम्हाला हवी ती फिगर उचलताही येईल. रंगकाम करणाऱ्यांकडे मॅग्नेट शीट मागू नका, गाड्यांवरचे बोर्ड छापणाऱ्यांकडे कातरण पडलेलं असतं. जाडी मात्र पाऊण मिलिमीटर तरी बघून घ्या, पातळ शीट २८ च्या धातूच्या घोडेस्वाराला धरत नाही.