आठ आठवडे आणि तीस दिवस

गेल्या महिन्यात कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पेडण्यातल्या माझ्या चुलतभावाने लिहिले की, इंग्लंडमध्ये बांधकामाची परवानगी आठ आठवड्यांत मिळते, गोव्यात मात्र हरकती घेणारेच विकास अडवून धरतात, म्हणून सरकारने नगरनियोजन कायद्यात आणलेले, जमिनीचा झोन म्हणजे ठरलेला वापर बदलू देणारे कलम ३९अ योग्यच आहे. ते वाक्य अजून मनातून जात नाही.

आठ आठवडे ही मुदत खरी आहे. पण मी राहतो त्या इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये आमच्या शेजाऱ्याला मागच्या बाजूला एक खोली वाढवायची होती, तेव्हा दिव्याच्या खांबावर पिवळी नोटीस लागली, कौन्सिलचे पत्र घरी आले आणि २१ दिवसांत मी माझे म्हणणे कळवले. शिवाय घरे कुठे व्हावीत आणि कुठले रान मोकळे राहावे, हा मोठा वाद स्थानिक आराखडा ठरतानाच निरीक्षकासमोर जाहीरपणे होऊन गेलेला असतो. परवानगी लवकर मिळते ती त्यामुळे. ३९अ नेमके उलट करते. गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०२१ आधीच ठरलेला असताना एकेका मालकाच्या अर्जावर त्यातला झोन बदलता येतो आणि लोकांना बोलायला ३० दिवस मिळतात, तेही राजपत्र वाचणाऱ्यांना. त्याआधी असेच झोन बदलू देणाऱ्या कलम १७(२)चा आधार आराखड्यातल्या अनवधानाच्या चुका दुरुस्त करण्याचा होता. त्याचे नियम मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. ३९अला सुधारणा म्हणायला माझे मन तयार नाही.

भावाने उत्तर दिले, ‘तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस.’ राग आला, कारण ते लागले. पेडण्यात मोपाचा विमानतळ झाल्यापासून तिथल्या जमिनीला भाव आला आहे, आणि आमच्या बागायतीलगतच्या डोंगराचा झोन बदलण्याची नोटीस निघून तिचे ३० दिवस संपले, हे मला नंतर कळले. शेजाऱ्याच्या एका खोलीबद्दल मी दोन पाने लिहिली. ज्या डोंगराचे पाणी आमच्या झरीला येते, त्याच्यासाठी एक ओळही लिहिली नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तेव्हा भारतीय नागरिकत्व गेले, ग्रामसभेत मला आता मत नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र वडिलांच्या मागे माझे नाव अजून आहे.

गोव्याचे राजपत्र इंटरनेटवर मिळते. आता ते मी नियमाने उघडतो आणि पेडणे तालुक्याचे सर्व्हे नंबर आधी पाहतो. आमच्या वाड्याचा नंबर दिसला, तर हरकतीखाली पत्ता गावच्या घराचाच घालणार आहे.