मिडटाउन मॅडनेस खेळून शिकागोत टॅक्सी चालवता येत नाही

'नव्वदच्या दशकातली मुलं असाल तर आठवेल' अशी सुरुवात असलेला एक फॉरवर्ड दर काही दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. त्याचं म्हणणं असं: मायक्रोसॉफ्टने बनवलेल्या 'मिडटाउन मॅडनेस' या गाड्या पळवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये अख्खं शिकागो गल्लीबोळांसकट हुबेहूब होतं, इतकं की तो गेम कोळून प्यायलेला माणूस तिथे टॅक्सी चालवेल. कल्पना जीटीए ३ (ग्रँड थेफ्ट ऑटो ३) या गेमवरून ढापलेली. आणि फुटपाथवरची माणसं उडवायला काय मजा यायची!

ढापण्याचं आधी उरकून टाकू. मिडटाउन मॅडनेस आला १९९९ मध्ये, जीटीए ३ आला ऑक्टोबर २००१ मध्ये. पुढे येणाऱ्या गेमची नक्कल आधीच कशी करणार?

माणसं उडवण्याची आठवण तर सपशेल खोटी. बीटल गाडी फुटपाथवर चढवा, नाहीतर सिटी बस घाला, माणूस ऐनवेळी बाजूला उडी मारायचाच. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून हा प्रयोग आम्ही किती वेळा केला, ते घरी सांगण्यासारखं नाही. पार्किंग मीटर तेवढे आडवे व्हायचे.

आता हुबेहूब शिकागो. इथे थोडं गणित करू. शिकागोत घरांचे क्रमांक स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांच्या चौकापासून मोजतात आणि साधारण ८०० क्रमांकांचा एक मैल होतो. बेसबॉलचं स्टेडियम रिग्ली फील्ड ज्या ॲडिसन रस्त्यावर आहे, तो उत्तरेला ३६०० वर. म्हणजे साडेचार मैल, सव्वासात किलोमीटर. गेममध्ये मात्र डाउनटाउनमधून गाडी हाणली की बघता बघता स्टेडियम समोर! मधली वस्तीच्या वस्ती गिळलेली आहे. आणि बरंच झालं. सारखीच घरं बघत सात किलोमीटर सरळ कोण जाणार? सीअर्स टॉवर, सोल्जर फील्ड स्टेडियम, डोक्यावरून धडधडत जाणारी 'एल' गाडी आणि खाली तिचे लोखंडी खांब, अशा ओळखीच्या खुणा उचलून जवळजवळ मांडल्या, म्हणून तर ते शहर दोन दिवसांत तोंडपाठ व्हायचं. त्यातही ते शहर १९९९ चं. सोल्जर फील्डचं रूप २००३ मध्ये पार बदललं आणि सीअर्स टॉवर २००९ पासून विलिस टॉवर झाला. टॅक्सीवाल्याने कुठल्या खुणेवर वळायचं?

मायक्रोसॉफ्टने गेम प्रकाशित केला हे खरं, पण बनवला एंजल स्टुडिओज या कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी. गंमत म्हणजे २००२ मध्ये हाच स्टुडिओ जीटीएवाल्या रॉकस्टारच्या घरात गेला आणि रॉकस्टार सॅन डिएगो झाला. तेव्हा त्या दोघांचं नातं आहे, पण फॉरवर्डवाल्याला वाटतं ते नव्हे.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये यायला हवी होती आणि नेमकी तीच नाही. नदीवरचा पूल मधोमध उघडून वर उचलला जातो आणि आपण वेग धरून पलीकडे झेप घेतो, ते आठवतंय? झेपेचं सोडा, पण पूल खरे आहेत. वसंतात आणि शरदात शिडाच्या बोटी जाऊ द्यायला ते आजही तसेच उघडतात.