कोंबडीला बाहेर आवडतं, पण कुठलं बाहेर?

मागच्या दिवाळीनंतर मामेभावाने सांगलीकडच्या एका लेयर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पिंजऱ्यात ठेवणाऱ्या, पोल्ट्रीतून आठ कोंबड्या आणून दिल्या. पांढऱ्या, दीड वर्षाच्या, अंडी कमी झाली म्हणून काढलेल्या. चोची कापलेल्या, मानेवरची पिसं गेलेली, नखं वाढून वाकडी झालेली. आमच्या गुहागरकडच्या घरी परसात खुराडं आहे, सकाळी दार उघडलं आणि वाटलं आता सुटतील धावत. एकही बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी पण नाही, दारात येऊन नुसत्या माना बाहेर काढून उभ्या. शेजारचे काका म्हणाले, बघ, ह्यांना पिंजराच बरा वाटतो, तुम्ही उगाच कोंबडीला माणसाचं मन लावता.

हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आज लिहायलाच बसले.

सहाव्या दिवशी एक निघाली. समोरचं सारवलेलं खळं मोकळं होतं तिथे नाही गेली, भिंतीच्या कडेकडेने फणसाखाली गेली, पातेरा उकरला, वाळवी सापडली ती खाल्ली, आणि मग कोरड्या मातीत आडवी पडून पंखांनी धूळ अंगावर घ्यायला लागली. जन्मात माती न बघितलेली कोंबडी, आणि हे तिला कोणी शिकवलं नव्हतं! पिंजऱ्यातल्या कोंबड्या तर धूळ नसताना नुसत्या तारेच्या जाळीवर लोळून ही अंघोळ करतात, म्हणजे ती ओढ किती आतून येत असेल बघा. आणि तिथे एकीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. पंधरा दिवसांत आठही जणी फणसाखाली होत्या.

मेरियन डॉकिन्स नावाच्या ऑक्सफर्डच्या बाईंनी 1977 साली हेच प्रयोग करून छापलंय. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्यांना पिंजरा आणि बागेतली कुंपण घातलेली मोकळी जागा यातून निवडायला दिलं तर आधी त्या पिंजऱ्यातच गेल्या, पण काही वेळा बाहेरचा अनुभव आल्यावर बाहेर जायला लागल्या. म्हणजे काकांनी बघितलं ते खरंच होतं, त्यातून अर्थ मात्र चुकीचा काढला. ती आवड नव्हती, सवय आणि भीती होती.

आणि भीती उगाच नाही. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, म्हणजे झुडपांतला, बांबूच्या बेटातला पक्षी. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा पण आरवताना ऐकू येतो, दिसतो क्वचितच. डोक्यावर आडोसा नाही म्हणजे घार आली, एवढा हिशोब त्यांच्या अंगातच आहे, आमचा गावठी कोंबडा सुद्धा घार दिसली की वेगळं ओरडतो आणि मुंगूस दिसलं की वेगळं. त्यामुळे हजारो कोंबड्यांची शेड बांधून बाजूला उघडं माळरान ठेवलं तर बऱ्याच कोंबड्या दाराच्या आसपासच राहतात, आणि झाडं लावली की लांब जातात. शहरात तुम्ही अंड्यांच्या डब्यावर ‘फ्री रेंज’, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांची, असं वाचून जास्त पैसे देता ना, त्या विकणाऱ्याला एक विचारा, बाहेर झाडं आहेत का? सावली आहे का? दारं किती आणि कधी उघडतात? माझ्या मते जागा किती एकर आहे यापेक्षा हे महत्त्वाचं.

ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचं, अजून वेगळं, सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाणाऱ्या पक्ष्याला नीट चालवत पण नाही, त्याला अंगण देऊन काय होणार, तिथे आधी जातच बदलायला हवी.

मोकळं सोडण्याची किंमत आहे, ती मी लपवत नाही. दोन कोंबड्या मुंगसाने नेल्या, एक मानमोडी रोगाने गेली, लस द्यायला उशीर झाला ही माझी चूक, अजून वाईट वाटतं. आणि 2006 ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्या माराव्या लागल्या ते आठवत असेल, अशा साथीत आत ठेवाव्याच लागतात, तिथे हट्ट नको.

पण रोज तिन्हीसांजेला त्या न बोलावता स्वतःच खुराड्यात येतात, दांडीवर चढून बसतात. सकाळी दार उघडायला पाच मिनिटं उशीर झाला तर आतून गलका सुरू होतो. आता पाच राहिल्यात, चार जणी करवंदीच्या जाळीपर्यंत जातात. पाचवी अजून फणसाच्या पलीकडे जात नाही, तिला मी हाकलत नाही.