आळशाची 150 मिनिटं

रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की आता तो शब्द येणार. आलाच. "व्यायाम. आठवड्याला कमीत कमी 150 मिनिटं," ते म्हणाले. मी तिथल्या तिथे सातने भागून पाहिलं. रोजची 21 मिनिटं आणि वर पंचवीस-सव्वीस सेकंद. 21 मिनिटांचं एक वेळ मी समजू शकतो, पण ते वरचे सेकंद मला फार जाचक वाटले.

आळशी माणूस बेफिकीर असतो असा एक गैरसमज आहे. उलट तो कमालीचा अभ्यासू असतो. काम करणारा नुसतं काम करून मोकळा होतो. टाळणाऱ्याला मात्र त्या कामाच्या सगळ्या पळवाटा माहीत असाव्या लागतात. म्हणून घरी येऊन मी आधी आडवा झालो आणि मोबाइलवर वाचायला घेतलं. पहिल्या तासातच घबाड हाती लागलं. पूर्वी सलग 10 मिनिटांपेक्षा कमी केलेली हालचाल हिशेबात धरत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये ही अट काढून टाकली. आता मिनिट-दोन मिनिटांची हालचालसुद्धा जमेस धरतात. हा नियम करणाऱ्या समितीत आपला एक तरी माणूस असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

त्याच दिवशी वही घातली. जिना उतरणे, 1 मिनिट. रिमोट शोधणे, 4 मिनिटं. रिमोट आपल्याच बुडाखाली आहे हे लक्षात येऊन उठणे, अर्धं मिनिट. आळशाला दुप्पट काम म्हणतात ते खोटं नाही, कारण व्यायामापेक्षा ही वही लिहिण्यातच माझा वेळ जास्त जायला लागला. तिसऱ्या दिवशी मुलीने वहीचं ऑडिट केलं.

"बाबा, यातलं काहीच चालणार नाही. हालचाल मध्यम जोराची लागते."

"म्हणजे केवढी?"

"बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये, एवढा दम लागला पाहिजे."

"मला तर बसल्या जागीही गाता येत नाही. म्हणजे माझा व्यायाम चोवीस तास चालूच आहे."

"ते मात्र खरं आहे हो," आतून बायकोचा आवाज आला. तिने माझ्या एखाद्या मुद्द्याला इतक्या चटकन दुजोरा दिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. पण ती माझ्या गाण्याबद्दल बोलत होती.

वही बंद पडली. मग मी घाऊक सवलत शोधायला लागलो. जोरदार व्यायाम केला तर 150च्या जागी 75 मिनिटंही पुरतात, हे कळलं. आणखी खोलात गेल्यावर तबाता सापडला. इझुमी तबाता नावाच्या जपानी संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर 1996 मध्ये या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. 20 सेकंद जीव तोडून व्यायाम, 10 सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. सगळं मिळून 4 मिनिटं! इतक्या वेळात तर मी झोपेतून उठून कुठल्या खोलीत आहे ते ओळखतो. उठाबशांनी सुरुवात केली. पहिल्या फेरीत लक्षात आलं की सेकंदही निरनिराळ्या लांबीचे असतात. दुसऱ्या फेरीत गुडघ्यांनी आपापसात काहीतरी बोलणी केली. तिसऱ्या फेरीनंतर मी जी 10 सेकंदांची विश्रांती घेतली, ती अजून चालू आहे.

त्या दिवशी काही दुखलं नाही. इतकं की मी ऑफिसात चार जणांना सांगून बसलो. खरी मेख दुसऱ्या दिवशी कळते. सवय नसलेल्या व्यायामाचं दुखणं साधारण 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं. लोक याचं खापर लॅक्टिक आम्लावर फोडतात, पण ते बिचारं तास-दोन तासांतच रक्तातून निघून गेलेलं असतं. स्नायूंना बारीक इजा झालेली असते, आणि ताणले जात असताना भार पेलावा लागला की ते बोंब मारतात. भाषांतर करून सांगतो: जिना चढता येतो, उतरता येत नाही. खुर्चीतून कसंबसं उठता येतं, बसताना मात्र शेवटची चार बोटं अंतर स्वतःला देवाच्या हवाली करावं लागतं.

जिना उलटा उतरला तर कमी दुखतं, हा माझा स्वतंत्र शोध. दोन्ही हातांनी कठडा धरून, तोंड वर करून, एकेक पायरी चाचपत मी उतरत होतो. खालून वरच्या मजल्यावरचे काका टणाटण चढत आले. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठे. ते माझ्या पाठीशी येऊन थांबले.

"वर चाललात?"

"नाही काका, खाली."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग, "काही विसरलंय का?" असं अगदी हळू आवाजात विचारून मला वळसा घालून वर गेले.

ही बातमी घरी पोचली आणि बायकोने मनगटी घड्याळ आणून दिलं. पावलं मोजणारं. दिवसाला 10,000. मी लगेच अभ्यासाला लागलो. हा आकडा कुणा डॉक्टरने काढलेला नाही. 1964च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' अशा अर्थाचं होतं. म्हणजे जाहिरातीतला आकडा! मी विजयी मुद्रेने हे तिला ऐकवलं.

"बरं. मग किती चालायचं?"

"त्यावर अजून बरीच मतं आहेत."

"त्यांचं एकमत होईपर्यंत दहा हजार चाला."

ट्रेडमिल घेऊ या का, हाही विषय निघाला होता. तो मी इतिहासात शिरून संपवला. 1818 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम क्यूबिट नावाच्या इंजिनिअरने तुरुंगातल्या कैद्यांना जुंपण्यासाठी पायचाक बनवलं, त्याला ट्रेडमिल म्हणत. 1898 मध्ये ती शिक्षा कायद्याने बंद झाली. घड्याळाशी मात्र माझं बरं जमलं. दात घासताना त्यात शंभरेक पावलं पडतात. आता मी दात फार मन लावून घासतो.

शेवटी मुलीने माझ्या स्वभावाला शोभेल असा व्यायाम काढून दिला. प्लँक. कोपरं आणि पायाचे चवडे टेकून पालथं, सरळ, स्थिर राहायचं. हलायचं नाही, ही त्यातली मुख्य अट! आयुष्यभर ज्याची तयारी केली ते अखेर अभ्यासक्रमात आलं म्हणायचं. याचा जागतिक विक्रम नऊ तासांहून जास्त आहे म्हणे. माझी रविवारची झोपही एवढी स्थिर नसते, मी मध्ये कूस बदलतो.

सतरंजीवर पालथा झालो, नाकासमोर मोबाइलवर सेकंद लावले. पाचव्या सेकंदाला पोट थरथरायला लागलं. नवव्याला आकड्यांकडे बघवेना, म्हणून मान जरा वळवली तर सोफ्याखालचा प्रदेश दिसला. धुळीचे मऊ गोळे, पेनाचं टोपण, कुणाचा तरी एकटा मोजा आणि पार भिंतीशी निळा रबरी पट्टा. गेल्या वर्षी मीच आणलेला. बसल्या बसल्या ओढायचा व्यायाम असतो त्याचा. तो हरवला म्हणून मी घरात केवढा आरडाओरडा केला होता! आनंदाच्या भरात हात लांब केला आणि बाराव्या सेकंदाला हनुवटीवर आपटलो.

आता महिना झाला. 38 सेकंदांपर्यंत मजल गेली आहे. पट्टा तिथेच आहे, कारण तो फक्त प्लँकमध्ये दिसतो आणि प्लँकमध्ये हात उचलता येत नाही. उभा राहिलो की मला त्याची आठवणच राहत नाही. परवा मुलगी म्हणाली, "बाबा, झाडूने ओढून देऊ का?"

मी घाईघाईने नको म्हटलं. एक तर तो बाहेर आला की ओढावा लागणार. आणि 38 सेकंद नुसत्या धुळीकडे बघत कसे काढायचे?