पांढरा रस्सा, गवा आणि शेणाचा वास

नमस्कार भाऊ,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की पांढरा रस्सा पाण्यासारखा पातळ आणि वर कोमट होता, राधानगरीला येऊन गवा दिसला नाही, खोलीला शेणाचा वास होता आणि आंघोळीला गीझर नव्हता. म्हणून निम्मे पैसे परत हवेत. बुकिंग करायच्या आधी लोक हे वाचतात, तेव्हा उत्तरही इथंच देते.

आधी रस्सा. पांढरा रस्सा पातळच असतो. आमच्याकडं तो वाटी तोंडाला लावून पितात. मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात तीळ, खसखस, काजूचं वाटण आणि शेवटी नारळाचं दूध. दूध पडल्यावर उकळी आली की रस्सा फुटतो. तुम्ही आठला जेवायला बसतो म्हणालात आणि अंबाबाईचं दर्शन घेऊन कोल्हापुरातनं परतलात साडेदहाला. तोवर आमच्या जाऊबाई पातेलं निखाऱ्यावर ठेवून पळी हलवत चुलीपुढं बसल्या होत्या. तांबडा वाफाळता मिळाला, कारण त्याला कितीही उकळा, काही होत नाही. पांढऱ्याचं तसं नाही.

गव्याचं म्हणाल तर तुम्ही आलात ऐन आखाडात. पावसाळ्यात दाजीपूरचं जंगल पर्यटकांना बंद असतं, हे फोनवर सांगितलं होतं आणि व्हॉट्सॲपवरही लिहिलं होतं. १९५८ सालचं अभयारण्य आहे ते, गवा आम्ही काय दावणीला बांधलेला नाही. पावसात इथं बघायचं ते राऊतवाडीचा धबधबा, आणि शाहू महाराजांचं धरण भरलं की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे.

घर जुनं, कौलारू. सोपा आणि खोल्या शेणानं सारवतो, फोटोतही दिसतं. पावसात जमीन लवकर वाळत नाही, वास राहतो. मला तो आवडतो, पण ज्याचं त्याचं नाक. फरशीची खोलीही दाखवली होती, तेव्हा ‘गावात येऊन फरशीवर कशाला झोपायचं’ हे तुमचेच शब्द. बंब पहाटे पेटतो, नऊपर्यंत पाणी कढत असतं. तुम्ही दहाला उठलात तरी पुन्हा लाकडं घालून तापवून दिलं, थोडं थांबावं लागलं इतकंच.

पैसे परत मिळणार नाहीत. जे कबूल केलं ते सगळं दिलंय. पोरांसाठी बिनतिखटाचं कालवण वेगळं केलं, त्याचे पैसे लावले नव्हते. ते तुमच्या लिहिण्यात आलं नाही, असू दे.

गवा बघायचाच असेल तर पाऊस सरल्यावर, जंगल उघडलंय का विचारून या.

आणि वहिनींना कांदा-लसूण चटणी हवी होती. उन्हाळ्यात वर्षाची कुटून ठेवलीय, त्यातली अर्धा किलो बांधून ठेवते. तुमचा चार्जरही कोनाड्यात राहिलाय. पत्ता फोनवर कळवा, दोन्ही एकाच पार्सलात धाडते. चटणीचे पैसे तेवढे पाठवा.